मदत हवी आहे: १८७७ च्या ‘मानवी तोफगोळ्या’बद्दल

नमस्कार मंडळी. व्हिक्टोरियन काळात झुल्यावर आणि दोरावर जीव धोक्यात घालणाऱ्या स्त्रियांवर मी एक लेख लिहितेय. एका ठिकाणी अडलेय.

१८७७ मध्ये लंडनच्या रॉयल अक्वेरियम या करमणूकगृहात ‘झाझेल’ नावाची किशोरवयीन मुलगी तोफेतून हवेत फेकली जायची आणि जाळ्यात पडायची. खरं नाव रोझा रिश्टर. तोफेत स्प्रिंगची यंत्रणा होती, दारू फक्त आवाजाला आणि धुराला. यंत्र तिचे खेळ लावणाऱ्या फारिनीचं, टाळ्याही बऱ्याचशा त्यालाच. अंग मात्र तिचं होतं, आणि मला लिहायचंय ते त्या अंगाबद्दल.

सर्कशीत काम केलेलं किंवा जिम्नॅस्टिक्स शिकवणारं कोणी इथे असेल तर कृपया सांगा: स्प्रिंगचा झटका बसताना मान आणि कंबर कशी धरतात? जाळ्यात पाठीवरच पडण्यासाठी हवेत कधी वळायचं? हे शिकवायला सुरुवात कशी करतात?

दुसरं, १८६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या ॲस्टन पार्कमध्ये उंच दोरावर चालणारी सेलिना पॉवेल दोर तुटून गेली. गरोदर होती. राणी व्हिक्टोरियाने नाराजीचं पत्र पाठवलं, तरी अशा धोकादायक खेळांवरचा कायदा आला १८७९ मध्ये, तोही चौदा वर्षांखालच्या मुलांपुरता. मधल्या सोळा वर्षांत पार्लमेंटात काय बोललं गेलं, ते वाचायला कुठे मिळेल?

आणि १८८० मध्ये विष्णुपंत छत्र्यांनी सर्कस काढली, तिच्यातल्या झुल्याच्या कामांबद्दल जुनं मराठी लिखाण कोणाकडे असेल तर जरूर कळवा. फोटो काढून पाठवलेली पानंही चालतील.