क्षपण, अपचयन आणि घट

प्रश्न : धातूंच्या उत्प्रेरकांवर कार्बन डायऑक्साइडपासून इंधन कसे बनते, याच्या संगणकीय अभ्यासावरील एक लेख मी मराठीत आणत आहे. ‘रिडक्शन’साठी पहिल्या खर्ड्यात सरसकट ‘घट’ लिहिले गेल्यामुळे ‘तांब्याच्या पृष्ठभागावर कार्बन डायऑक्साइडची घट होऊन मिथेन मिळतो’ असे विचित्र वाक्य तयार झाले आहे. येथे शालेय पुस्तकातला ‘क्षपण’ घ्यावा की हिंदीतला ‘अपचयन’? ‘ॲडसॉर्प्शन’ला नुसते ‘शोषण’ चालेल का? आणि ‘मॉडेल’साठी कोणता शब्द घ्यावा?

उत्तर : ‘क्षपण’च घ्यावा. हवेतल्या वायूचे प्रमाण कमी करणे हा एक अर्थ आणि रेणूला इलेक्ट्रॉन मिळणे हा दुसरा. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असला, तरी मराठीत ते वेगळे राखण्याची सोय आयतीच आहे आणि ती सोडण्याचे काही कारण नाही. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूपासून मिथेन होताना आठ इलेक्ट्रॉन घ्यावे लागतात, आणि दोन रेणूंपासून एथिलीन होताना बारा. जेथे इतके काही पदरात पडते, तेथे ‘घट’ वाचून वाचक चकणारच.

‘अपचयन’ मात्र मराठीत अडचणीचा आहे. ‘चयापचय’ आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, आणि त्यातला ‘अपचय’ म्हणजे शरीरात अन्नाचे विघटन. त्यात मुख्यतः ऑक्सिडीकरणच, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावणेच, होते. म्हणजे सांगायचे एक आणि कानावर पडायचे नेमके त्याच्या उलट. ‘क्षपण’ही निर्दोष नाही, कारण त्याचा मूळ क्रियाधातू झिजण्याचा, क्षयाचा आहे. संस्कृत नाटकांतला ‘क्षपणक’ हा जैन यती असतो आणि आपल्या रसायनशास्त्रातला ‘क्षपणक’ दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देतो, ही गंमत वेगळीच. तरी दहावीपर्यंत शिकलेल्या वाचकाला हा शब्द ओळखीचा आहे, आणि येथे तेवढे पुरे.

‘शोषण’ मात्र चालणार नाही. कोरडा फडका पाणी शोषतो, पण खडूची पूड फळ्यावर नुसती बसते. आपल्या विषयात हे दुसरे घडते, म्हणून ‘पृष्ठशोषण’ लिहावे. तुमच्या लेखाचा सगळा जीव याच शब्दात आहे. संगणकावर तांब्याच्या अणूंचे काही थर रचून त्यांवर एक रेणू ठेवतात आणि इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून त्या मांडणीची ऊर्जा काढतात. डीएफटी (डेन्सिटी फंक्शनल थिअरी) म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर कोन यांच्या १९६४-६५ मधील कामावर उभी आहे. त्यातून मिळते ती बंधनऊर्जा, म्हणजे रेणू पृष्ठभागाला किती घट्ट धरून आहे याचे माप. सोने आणि चांदी कार्बन मोनॉक्साइडला सैल धरतात, म्हणून तो तसाच सुटून जातो. प्लॅटिनम त्याला इतके घट्ट धरते की पृष्ठभाग अडून राहतो आणि बव्हंशी हायड्रोजनच निघतो. तांब्याची पकड या दोन्हींच्या मधली आहे. जपानमध्ये योशिओ होरी यांनी १९८५ मध्ये तांब्याच्या विद्युतअग्रावर (इलेक्ट्रोडवर) मिथेन मिळाल्याचे दाखवले होते. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २०१० मध्ये, शास्त्रज्ञ येन्स नॉर्स्कोव यांच्या गटाच्या गणनेतून असे दिसले की तांब्यावर बसलेल्या कार्बन मोनॉक्साइडला पहिला हायड्रोजन जोडणे हाच मिथेनच्या वाटेवरचा अवघड टप्पा आहे.

‘मॉडेल’ला ‘प्रतिमान’ किंवा ‘प्रारूप’ यांपैकी काहीही चालेल, फक्त लेखभर एकच ठेवा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आता वाक्य असे केले आहे : ‘तांब्याच्या पृष्ठभागावर कार्बन डायऑक्साइडचे क्षपण होते, त्यातून बनलेला कार्बन मोनॉक्साइड तेथे पृष्ठशोषित अवस्थेत टिकला, तरच पुढे मिथेन मिळतो.’ ‘पृष्ठशोषित’ थोडा जड वाटतो.

उत्तर : जड आहे खरा. पहिल्या उल्लेखात तो राहू द्या, आणि पुढे ‘तांब्यावर बसलेला’ असे सरळ लिहा.