जुन्या काळचे फुटबॉलपटू खरोखरच अधिक कणखर होते का?

मैदानकाठ, जळगाव

नमस्कार. मी जळगावात बारा ते सोळा वयोगटातील मुलांना सकाळच्या वेळी फुटबॉल शिकवतो. आमच्या मैदानावर एक ज्येष्ठ खेळाडू रोज फिरायला येतात. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. एखादा मुलगा पडून दोन मिनिटे उठला नाही, की नाना हमखास म्हणतात, "आमच्या वेळी घोटा सुजला तरी फडके गुंडाळून उत्तरार्ध खेळायचो. आताचे मोठे खेळाडूसुद्धा वाऱ्याने पडतात." नानांविषयी मुलांना अतिशय आदर आहे आणि मलाही आहे.

परंतु गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. माझ्या संघातील चौदा वर्षांच्या एका मुलाने घोट्याची सूज दोन आठवडे लपवून ठेवली आणि मोज्याखाली पट्टी बांधून तो रोज सरावाला येत राहिला. विचारल्यावर त्याने सांगितले, की नानांनी सांगितलेल्या गोष्टी ऐकून त्याला दुखत असल्याचे बोलण्याची लाज वाटत होती. आता तो घरी आहे.

म्हणून जाणकारांना विचारतो. पूर्वीचा खेळ आजच्या व्यावसायिक खेळापेक्षा खरोखर कठीण होता का? असेल, तर नेमका कशामुळे? आणि मुलांना त्या काळाविषयी काय सांगावे?

जुना फुलबॅक, भुसावळ

भाऊ, तुमच्या नानांच्या पिढीतलाच मी आहे. रेल्वेत नोकरी केली आणि भुसावळच्या मैदानांवर सुमारे पंधरा वर्षे फुलबॅक, म्हणजे बचावपटू म्हणून खेळलो, त्यामुळे ते काय सांगत असतील ते मला न ऐकताही कळते. त्यांचे बोलणे खोटे नाही.

आमचा चेंडू चामड्याचा होता, आत रबरी ब्लॅडर आणि तोंडाशी वादी. कोरडा असताना तो आजच्या चेंडूइतकाच भरायचा, कारण नियमातले ४१० ते ४५० ग्रॅम हे वजन १९३७ पासून तेच आहे. फरक पडायचा तो पावसाळ्यात. आपल्याकडची काळी माती ओली झाली, की बुटाला पायताणाएवढा चिखल चिकटतो आणि चामडे पाणी पीत राहते. उत्तरार्धात तो चेंडू डोक्यावर घेताना वादीची बाजू कपाळावर येऊ नये एवढेच मनात असायचे. उन्हाळ्यातली गोष्ट वेगळी. वैशाखात भुसावळची जमीन भेगाळून विटेसारखी होते आणि तिच्यावर घसरून टॅकल केली, म्हणजे समोरच्याच्या पायातला चेंडू हिसकावला, की मांडीची सालटी निघायची.

जगाच्या खेळातही हेच दिसते. १९५६ मध्ये इंग्लंडच्या एफए कप स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमन शेवटची सुमारे सतरा मिनिटे मानेचे हाड मोडलेल्या अवस्थेत खेळला आणि ते मोडल्याचे निदान त्यानंतर काही दिवसांनी झाले. १९७० च्या विश्वचषकात इटलीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीच्या बेकेनबाउअरचा खांदा निखळला, तेव्हा हात छातीशी बांधून तो अतिरिक्त वेळ संपेपर्यंत मैदानावर राहिला. आणि आपला जर्नेल सिंग! १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला टाके पडलेले असताना प्रशिक्षक रहीमसाहेबांनी या बचावपटूला आघाडीला खेळवले आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने गोल केला. भारताने तो सामना २-१ ने जिंकला. रहीमसाहेब स्वतः त्या वेळी कर्करोगाने ग्रासलेले होते आणि पुढच्याच वर्षी ते गेले. ही माणसे आठवली, की आजही माझा ऊर भरून येतो.

एक गोष्ट मात्र नाना कदाचित सांगत नसतील. त्या काळी दांडगाईबरोबर एक मर्यादाही होती. १९६२ च्या विश्वचषकात चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध खेळताना ब्राझीलच्या पेलेची मांडी दुखावली. बदली खेळाडूची सोय नव्हती, म्हणून तो नुसता उभा राहण्यासाठी मैदानावर थांबला. त्याच्याकडे चेंडू आला, की चेकोस्लोव्हाकियाचा मासोपुस्ट आणि त्याचे सहकारी त्याच्यावर तुटून पडायचे टाळत आणि त्याला चेंडू खेळू देत. पेलेने ही गोष्ट आयुष्यभर कृतज्ञतेने सांगितली. आम्हीही जिल्ह्याच्या सामन्यांत लंगडणाऱ्या माणसाला मागून मारत नसू. मारणारे होते, पण त्यांना स्वतःच्या संघातही मान नसे.

शिट्टी, धुळे

बापू, आपण लिहिलेले फार मनापासून वाचले. तरीही मी अनेक वर्षे धुळे आणि नंदुरबारकडे पंच म्हणून काम केलेले असल्याने मला एक मूलभूत मतभेद नोंदवावासा वाटतो. आपण ज्याला कणखरपणा म्हणता, त्यातला बराच भाग नियमांच्या अपुरेपणातून खेळाडूंवर लादलेला होता. ट्राउटमन मानेचे हाड मोडूनही थांबला, कारण त्याच्या जागी दुसरा गोलरक्षक आणण्याची मुभाच नव्हती. विश्वचषकात बदली खेळाडू पहिल्यांदा १९७० मध्ये आले. त्या वर्षी बेकेनबाउअर खांदा बांधून खेळला, तोही संघाने दोन्ही बदल आधीच वापरून टाकले होते म्हणून. या खेळाडूंचे धैर्य खरेच होते. परंतु खेळत राहणे किंवा संघाला दहा जणांवर सोडून बाहेर बसणे एवढीच निवड समोर असेल, तर कोणताही जातिवंत खेळाडू खेळतच राहील.

दुसरे असे, की त्या दांडगाईची किंमत बहुतेक वेळा कुशल खेळाडूंनी मोजली. पेलेचेच उदाहरण घेऊ. १९६६ मध्ये बल्गेरियाने त्याला लाथाडले आणि पुढे पोर्तुगालच्या मोराइसने एकाच चालीत दोनदा पाडले, तरी मोराइस मैदानावर राहिला आणि पेले लंगडत राहिला. १९८२ मध्ये इटलीच्या क्लाउडिओ जेंटिलेने मॅराडोनाविरुद्ध एकाच सामन्यात तेवीस फाउल केल्याची नोंद आहे. त्याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात जर्मन गोलरक्षक शूमाखर फ्रान्सच्या बातिस्तोंवर असा आदळला, की बातिस्तों बेशुद्ध पडला आणि त्याचे दात गेले. पंचांनी फाउलसुद्धा दिला नाही आणि खेळ गोलकिकने पुढे सुरू झाला. पुढच्या वर्षी अॅथलेटिक बिल्बाओच्या गोइकोएचियाने मॅराडोनाचा घोटा मोडला. नेदरलँड्सचा आघाडीपटू मार्को व्हॅन बास्टेन याने शेवटचा अधिकृत सामना मे १९९३ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी खेळला. घोट्याच्या शस्त्रक्रिया होत राहिल्या, पण तो मैदानावर परतला नाही. उलट मेस्सीने पस्तिसाव्या वर्षी, २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोन गोल केले. मेस्सीचे घोटे व्हॅन बास्टेनपेक्षा मजबूत होते असे मला वाटत नाही. मधल्या काळात नियम बदलले होते.

हे बदल कसे घडले, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. १९६२ मध्ये सांतियागो येथे चिली आणि इटली यांच्यात जो सामना झाला, त्यात अक्षरशः मारामारी झाली. इटलीच्या फेरिनीला आठव्याच मिनिटाला बाहेर काढले, तेव्हा तो जाईना आणि शेवटी पोलिसांना यावे लागले. त्या सामन्याचे पंच होते इंग्लंडचे केन अॅस्टन. चार वर्षांनी इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यातही कोणाला ताकीद मिळाली आणि कोणाला नाही याचा पुरता गोंधळ उडाला, कारण पंच जे बोलेल तेवढेच काय ते होते, आणि तेही परक्या भाषेत. रस्त्यावरच्या सिग्नलचे दिवे पाहून अॅस्टन यांना पिवळ्या आणि लाल कार्डाची कल्पना सुचली आणि १९७० च्या विश्वचषकात ती वापरात आली. त्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघाले नाही. विश्वचषकातले पहिले लाल कार्ड १९७४ मध्ये चिलीच्या कास्झेलीला मिळाले. मात्र कार्ड खिशात असूनही मागून केलेली टॅकल बराच काळ चालवून घेतली जात होती. १९९० च्या विश्वचषकात सामन्यामागे सरासरी २.२१ गोल एवढेच झाले, तेव्हा कुठे खेळ चालवणाऱ्यांना जाग आली. १९९२ मध्ये सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताने उचलण्यावर बंदी आली आणि १९९८ च्या विश्वचषकापूर्वी मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड देण्याचा आदेश निघाला.

पंच म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्या खेळात घोटा मोडणारा मैदानावर राहतो आणि घोटा मोडलेला बाहेर जातो, त्या खेळाला मी कणखर म्हणणार नाही.

सातपुड्याचा पायथा, नंदुरबार

शिट्टी दादांचे नियमांविषयीचे म्हणणे मान्य आहे, परंतु नानांच्या तक्रारीत तथ्य आहे हेही नाकारता येत नाही. हात नुसता खांद्याला लागला, तरी तोंड धरून लोळणारे खेळाडू आज दर आठवड्याला दिसतात आणि आमच्याकडची आठ-दहा वर्षांची पोरे त्यांची हुबेहूब नक्कल करतात. फसवून फाउल मिळवण्यासाठी पिवळे कार्ड आहे आणि २०१८ पासून विश्वचषकात व्हिडिओ पाहून पंचांना मदत करणारी व्हीएआर यंत्रणाही आहे, तरी ही सवय गेलेली नाही. एका संघावरचा अन्याय टाळण्यासाठी जे संरक्षण दिले, त्याचाच उपयोग दुसऱ्या संघावर अन्याय करण्यासाठी होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गुडघा आणि घोटा, मूळ अमळनेर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. प्रथम त्या मुलाविषयी लिहिते, कारण ते अधिक तातडीचे आहे. चौदाव्या वर्षी हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा कूर्चेचा भाग अजून पक्का झालेला नसतो आणि तो आसपासच्या अस्थिबंधांपेक्षाही (हाडे एकमेकांना जोडणाऱ्या पट्ट्यांपेक्षाही) कमकुवत असू शकतो. त्यामुळे मोठ्या माणसाला जिथे नुसती मुरगळ झाली असती, तिथे मुलाला हाडाची इजा होऊ शकते. घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल किंवा चार पावलेही भार देऊन टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. तो अद्याप काढला नसेल, तर आजच अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आजचा खेळ सौम्य झाला हे म्हणणे शरीराच्या हिशेबात टिकत नाही. १९७० च्या दशकात इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंचे मोजमाप झाले, तेव्हा सामन्यातले सरासरी अंतर पावणेनऊ किलोमीटरच्या आसपास आले होते. आजचा मध्यरक्षक दहा ते बारा किलोमीटर धावतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यातला पूर्वीपेक्षा मोठा भाग भरधाव वेगाने आणि पुन्हा पुन्हा झटक्याने दिशा बदलत धावतो. गुडघ्याचा पुढचा क्रुसिएट अस्थिबंध बहुतेक वेळा कोणी लाथ मारल्याने तुटत नाही. पाय रोवून अचानक वळताना किंवा थांबताना तो तुटतो. सप्टेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीच्या रोड्रीने सामन्यांची संख्या इतकी वाढली आहे की खेळाडू संपाच्या जवळ आले आहेत असे सांगितले आणि त्याच आठवड्यात त्याच्या गुडघ्याचा हाच अस्थिबंध गेला. त्यानंतर २०२५ मध्ये बत्तीस संघांचा क्लब विश्वचषकही दिनदर्शिकेत आला. पूर्वी शरीराला मार समोरच्या खेळाडूकडून बसत होता, आता तो वेगाकडून आणि वेळापत्रकाकडून बसतो.

बापूंनी ज्या चेंडूचे वर्णन केले, त्याविषयीही थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते. इंग्लंडचा आघाडीपटू जेफ अॅस्टल २००२ मध्ये वारला, तेव्हा मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने वारंवार हेडर मारण्याशी, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याशी, त्याच्या मेंदूच्या आजाराचा संबंध जोडून तो व्यवसायजन्य आजार ठरवला. १९६६ चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या संघातील रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि चार्लटन बंधू या पाचही जणांना उत्तरायुष्यात स्मृतिभ्रंश झाला. ग्लासगो विद्यापीठाने २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या ऱ्हासाशी निगडित आजारांनी मृत्यू होण्याचे प्रमाण त्यांच्यात सामान्य लोकांच्या साडेतीनपट आढळले. चामड्याचा चेंडू गेला म्हणून हा धोका संपला असे समजू नये, कारण आजचा चेंडू पाणी पीत नसला तरी अधिक वेगाने येतो. २०२० पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून हेडर वगळावा अशी सूचना आहे. आपण तेवढे तर सहज करू शकतो.

डोक्याला मार लागूनही खेळत राहणे हे फक्त जुन्या काळात होत होते असेही नाही. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा क्रिस्टोफ क्रामर टक्कर झाल्यावर काही काळ खेळत राहिला आणि त्याने पंचांनाच विचारले, की हा अंतिम सामना आहे का. तेव्हा कुठे त्याला बाहेर घेतले. असा खेळाडू बदलण्यासाठी वेगळी जादा मुभा आता नियमावलीत आहे.

जुना फुलबॅक, भुसावळ

ताई, तुमचे लिहिणे वाचून मी रात्री बराच वेळ जागा होतो. आमच्या संघात एक सेंटर हाफ, म्हणजे मधला बचावपटू होता. कॉर्नर आला, की गोलसमोरचा प्रत्येक चेंडू त्याचा. आम्ही त्याला हातोडा म्हणायचो आणि त्या नावाचा त्याला अभिमान होता. गेल्या दिवाळीत भेटायला गेलो, तर त्याने मला ओळखले नाही. ते चेंडूमुळे झाले की वयामुळे, हे मी ठरवू शकत नाही. पण प्रत्येक हेडरनंतर आम्ही ज्या टाळ्या वाजवत होतो, त्या मला आठवत राहिल्या.

शिट्टी भाऊंचे सगळे मला अजूनही पटलेले नाही. जर्नेल सिंग सक्तीने खेळला असे मी कधीच म्हणणार नाही. मात्र घोट्याची सूज लपवायला आम्ही मुलांना शिकवत असू, तर ते चूक आहे. हे मी नानांनाही सांगेन. त्यांच्या वयाचा माणूस सांगेल, तर ते ऐकतील.

मैदानकाठ, जळगाव

बापू, दादा, ताई, सर्वांचा ऋणी आहे. त्या मुलाचा एक्स-रे काल काढला. बाहेरच्या हाडाच्या वाढीच्या भागाला इजा असल्याचे निष्पन्न झाले आणि चार आठवडे प्लास्टर घातले आहे. डॉक्टरांच्या मते तो पूर्ण बरा होईल. आमच्याकडच्या सर्वांत लहान, बारा वर्षांच्या मुलांचा हेडरचा सराव मी या आठवड्यापासून बंद केला आहे.

बापू, एक विनंती आहे. आपल्याकडे त्या काळचा वादीचा चेंडू असेल, तर येत्या रविवारी सकाळी जळगावला याल का? नानाही असतील.

जुना फुलबॅक, भुसावळ

चेंडू आहे. चामडे कडक झाले आहे, पण शिवण शाबूत आहे. सकाळच्या गाडीने येतो. तुम्ही एक बादली पाणी आणि किराणा दुकानातला वजनकाटा आणून ठेवा. आधी कोरडा तोलू, मग अर्धा तास बुडवून पुन्हा तोलू, आणि दोन्ही आकडे पोरांनाच वाचू द्या.