मदत हवी आहे : बोगद्याच्या तोंडावरची झाडोरा सफाई, लवकर कशी करू?

पोकलेनवाला
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. रस्त्याच्या मोठ्या बोगद्याचं काम निघालं, तोंडावरची सफाई सबकॉन्ट्रॅक्टमध्ये माझ्याकडे आहे. उतारावर घाणेरी डोक्याच्या वर गेली, मधात वेडी बाभूळ. बकेटने ओढलं की फांद्या येतात, खोड जाग्यावरच. मजूर आत शिरायला तयार नाहीत. इंजिनियर म्हणतो पावसाआधी मोकळं करून दे. कसं काढू? अन् बिल एकरावर लावू की झाडावर? मशीनचा हप्ता थांबत नाही.

धंतोलीकर
नागपुरात बोगदा कुठं खणून राहिले बाप्पा? सीताबर्डीचा किल्ला सोडला तर टेकडी आहे का आपल्याकडे?

टेकडीवाला
सेमिनरी हिल्स काय मैदान आहे?

पोकलेनवाला
मी नागपूरचा, काम बाहेरचं. विदर्भातच आहे, नाव टाकत नाही, कंपनीवाले वाचतात. झुडपं कशी काढू ते सांगा ना.

निवृत्त उपअभियंता
बकेट उतरवा, दातेरी रेक लावा. आधी ब्रश कटरने (झुडपं कापायचं मशीन) गुडघ्याएवढं ठेवून छाटा, मग खोड मुळासकट उचला. बिलाचं म्हणाल तर रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनचं कलम २०१ पाहा. सफाई हेक्टरवर मोजतात. जमिनीपासून १ मीटरवर ३०० मिमी घेरापर्यंतची झाडं त्यातच आली, वेगळे पैसे नाहीत. त्यावरची नगावर, घेराचे गट पाडून. पाडायच्या आधी टेप लावा, खोडावर रंगाने नंबर टाका, मोजणीवर सही घ्या. आडव्या पडलेल्या झाडावर भांडायला गेलात तर हातात काही येत नाही. तुमच्या वर्क ऑर्डरमध्ये दर कशावर आहे?

शेळीपालन बोरी
भाऊ, डिझेल कशाला जाळता? शेळ्या सोडा. महिनाभरात टेकडी साफ. माझ्याकडे आहेत, बोला.

काटोलची संत्री
घाणेरी विषारी असते जनावराला. खाल्ली की उन्हात कातडी सोलून निघते. शेळ्या विकायच्या असतील तर तसं सांगा.

शेळीपालन बोरी
आमच्या शेळ्या वेड्या बाभळीच्या शेंगा खातात, त्याचं बोललो मी.

काटोलची संत्री
हो, अन् लेंड्यांतून बिया टेकडीभर पेरतात. पुढच्या वर्षी दुप्पट बाभूळ.

अजनीची झाडं
सगळे काढायचंच सांगून राहिले, परवानगीचं कुणी विचारत नाही. २०२१ ला नागपुरातल्या अजनी वनातली झाडं वाचवायला आम्ही रस्त्यावर होतो. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात. तुमची किती आहेत?

निवृत्त उपअभियंता
ताई, तो कायदा नागरी क्षेत्राचा. टेकडी ग्रामपंचायतीत असेल तर तिथे १९६४ चा झाडतोडीचा. साग, मोह, ऐन, तिवस, बिजा असलं काही असेल तर परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

अजनीची झाडं
मग सातबारा काय म्हणतो ते विचारा त्यांना. कायदा त्यावर ठरेल.

पोकलेनवाला
खालचे गट खासगी, संपादन झालेले. वरचे दोन, नेमके बोगद्याच्या तोंडावरचे, सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद लागलेले आहेत. पण तिथं धड एक झाड नाही, सगळी घाणेरी. म्हणून तर झुडपं काढायचं विचारून राहिलो.

अजनीची झाडं
हे आधी सांगायचं ना भाऊ! वरची मशीन आत्ता बंद करा.

निवृत्त उपअभियंता
ताईंचं बरोबर आहे. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाला वनजमीनच धरलं. म्हणजे १९८० चा वन कायदा लागू, केंद्राची मंजुरी लागते. वर झाड आहे की घाणेरी, कुणी पाहत नाही. अर्ज प्रकल्प यंत्रणा करते, तुमचं काम नाही ते. रस्त्यासारख्या रेषीय कामाला पहिल्या टप्प्याची मंजुरी मिळून पैसे भरले की उपवनसंरक्षक झाडतोडीची अन् काम सुरू करायची परवानगी देऊ शकतात, पण ती लेखी असते. त्याची प्रत मागा.

पोकलेनवाला
इंजिनियर म्हणतो ‘सगळं झालेलं आहे, तू चालू ठेव’.

टेकडीवाला
तोंडी ना? वनरक्षक आला की मशीन तुझी जप्त होईल, त्याची नाही.

लकडगंजवाला
जळाऊ लाकूड निघालं तर सांगा, आरा मशीन आपलीच आहे.

निवृत्त उपअभियंता
वनजमिनीवरचं लाकूड वनखात्याचं. वाहतूक पासाशिवाय ट्रक हलवू नका. पोकलेनवाले, खालच्या गटांत काम चालू ठेवा. वरची परवानगी आली तरी एकदम उपटू नका. आधी माथ्यावर पाणी वळवायची चर खोदून घ्या. खोदाईच्या रेषेबाहेरची मुळं तशीच राहू द्या, तीच माती धरून आहेत. नाहीतर पहिल्याच पावसात तोंड मातीने बुजेल.

पोकलेनवाला
पत्र टाकलं कंपनीला, परवानगीची प्रत मागितली. साहेब पोच देत नाही, उलट म्हणतो तुझ्यामुळे काम थांबलं, दंड लावू. मशीन हिंगण्याच्या कामावर नेऊ का?

निवृत्त उपअभियंता
पत्र पोस्टाने रजिस्टर करा, ईमेलही टाका. खालचं मोजमाप सहीला लावा. ते झाल्याशिवाय मशीन हलवू नका, नाहीतर काम सोडून गेला म्हणून लिहितील.