घरच्या माणसांवरचा चित्रपट आधी कुणाला दाखवायचा, गावाला की महोत्सवाला?

चाकरमान्याचा मुलगा

सहा वर्षं शनिवार-रविवार आणि सगळ्या रजा घालून मी वडिलांवर एक माहितीपट केला. ७१ मिनिटांचा. वडील लालबागच्या एका गिरणीत विणकाम खात्यात साच्यावर (मागावर) होते, आधी बदली कामगार, मग कायम. आई आणि आम्ही भावंडं गावी, संगमेश्वर तालुक्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढच्या वर्षी वडील पत्र्याची ट्रंक घेऊन घरी आले ते कायमचे. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. वडील आजही म्हणतात, "मी अजून संपावरच हाय."

चित्रपटात ५२ व्या मिनिटाला ते माझ्या चुलतकाकांबद्दल बोलतात. दोघे एकाच गिरणीत, एकाच गाळ्यात राहायचे. आठ महिन्यांनी काका कामावर आत गेले. "त्या दिवसापासून आम्ही एका ताटाला बसलो नाय," एवढंच वडील म्हणतात आणि विडी विझवतात. काकांना मी काही विचारलं नव्हतं.

यंदा शिमग्याला चाकरमानी गावात होते. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या गावातल्या ठरलेल्या चौथऱ्यावर, आली त्याच्या दुसऱ्या रात्री देवळाच्या सभामंडपात पांढरं कापड ताणून मी चित्रपट दाखवला. काका आले, पुढे बसले. ते वाक्य आलं तेव्हा मी पडद्याकडे पाहूच शकलो नाही. सकाळी ते आमच्या ओटीवर आले आणि म्हणाले, "तू माझ्याकडं आलाच नाहीस रे. गाळ्याचं भाडं सहा महिने कोण भरत होता, ते सांगितलं का त्यानं?" मी कॅमेरा लावला. ते चार मिनिटं बोलले. वडील आत होते, त्यांना सगळं ऐकू येत होतं.

ती चार मिनिटं मी घेतली आहेत. वडिलांच्या बोलण्यातला शब्दही बदललेला नाही. आता चित्रपट ७५ मिनिटांचा आहे.

माझं म्हणणं असं: ज्यांच्या आयुष्यावर आपण कॅमेरा धरला त्यांनी पाहिल्याशिवाय असा चित्रपट पूर्ण होत नाही. आधी त्यांना, मग जगाला. या क्षेत्रातले बहुतेक मित्र म्हणतात, मी हातचं घालवलं. तुम्हाला काय वाटतं?

टाइमलाइन

असहमत, आणि जरा कडक लिहितो, कारण मी वीस वर्षं संकलनच करतो आहे.

विझलेली विडी आणि "एका ताटाला बसलो नाय" यानंतर प्रेक्षकाच्या मनात काकांचा चेहरा उभा राहत होता, कारण तू तो दाखवला नव्हतास. आता तू तो दाखवतोस, वर त्याचा खुलासाही देतोस. चित्रपटाची भावकीची बैठक झाली. दोन्ही बाजू ऐकल्या, उठा आता.

आणि उद्या तिसरं कुणी येऊन म्हणालं, माझंही राहिलं? मग ८० मिनिटं? कुठेतरी हात उचलावाच लागतो. तो कधी उचलायचा हे गाव ठरवणार असेल तर तू सहा वर्षं कशाचा विचार करत होतास?

चाकरमान्याचा मुलगा

गावाने ठरवलं नाही. गावातले चारपाच जण उलट म्हणाले, जुनं कशाला उकरतोस, ते वाक्यच काढ. ते मी ऐकलं नाही. काकांकडे मी सहा वर्षांत गेलो नाही ही माझी चूक होती, कलात्मक निवड नव्हती. मला त्यांची भीती वाटत होती. भीतीपोटी जे बाहेर राहिलं त्याला मी मौन म्हणू शकत नाही.

बूमवाली

वाद मोठा आहे, पण मला आधी एक विचारू दे: सभामंडपात ऐकू काय आलं?

मी ध्वनीचं काम करते. गावच्या भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर बहुतेक वेळा मोनो असतो. तुमचं ध्वनिमिश्रण स्टिरिओ, वर पार्श्वसंगीत रुंद पसरवलेलं असेल तर मोनो होताना उलट फेजमधले आवाज एकमेकांना खातात आणि संगीत गायबच होतं. भोंग्यातून खर्ज येत नाही, सगळं किनरं होतं. तुमचे वडील हळू बोलत असतील तर मागच्या निम्म्या लोकांना फक्त विडी दिसली असेल. गावात दाखवायचंच तर वेगळं मिश्रण करा: संवाद पुढे, बाकी सगळं मागे, आणि आदल्या रात्री त्याच भोंग्यावर ऐकून बघा.

दुसरं. तुम्ही सेकंदाला २५ फ्रेमने चित्रित केलं असणार. बऱ्याच थिएटरांत २४ चा डीसीपीच (थिएटरात चालणारी डिजिटल प्रत) निर्धोक चालतो. नुसता वेग कमी केला तर चित्रपट चार टक्के संथ होतो आणि स्वर तेवढाच उतरतो. वडिलांचा आवाज वडिलांचा वाटणार नाही. स्वर सांभाळून रूपांतर करून घ्या. आणि ही चार नवी मिनिटं मिश्रण झाल्यावर घुसवली असतील तर पुढचा सगळा ध्वनी परत जुळवावा लागणार, पैसे पुन्हा जाणार. भावनेच्या भरात हे कुणी मोजत नाही, म्हणून लिहिलं.

मागची रांग

मला टाइमलाइन यांच्यापेक्षा वेगळी हरकत आहे. मोठ्या महोत्सवांच्या स्पर्धा विभागांना प्रीमियर लागतो, म्हणजे पहिला जाहीर खेळ त्यांच्याकडेच हवा. देवळातल्या खासगी खेळाने तो जातोच असं नाही, पण कुणी मोबाईलवर दहा मिनिटं टिपून नेटवर टाकली तर कुणाकुणाला समजावत बसणार?

मराठीत आपण काय पाहिलं ते आठवा. 'कोर्ट' २०१४ ला व्हेनिस महोत्सवाला गेला, तिथे पारितोषिक मिळालं, एप्रिल २०१५ मध्ये इकडे लागला. 'साबर बोंडं'ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठं पारितोषिक मिळालं आणि त्याच सप्टेंबरात तो आपल्या थिएटरांत आला. बाहेरून शिक्का आला नसता तर मल्टिप्लेक्सने असल्या चित्रपटांना सकाळी नऊचा खेळ तरी दिला असता का? हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही. पण वडिलांची गोष्ट संगमेश्वरबाहेर जावी असं वाटत असेल तर वाट तिकडून जाते. एक वर्ष थांबायला हवं होतं.

चाकरमान्याचा मुलगा

वडील ७८ वर्षांचे आहेत. काका ८१.

कोळिकोडहून

मी बरीच वर्षं केरळात आहे, म्हणून इकडचं सांगतो. मल्याळम दिग्दर्शक जॉन अब्राहम (हिंदीतला नट नव्हे) आणि त्यांच्या मित्रांनी १९८४ मध्ये 'ओडेसा' नावाचा गट काढला. गावोगाव फिरून लोकांकडून पैसे गोळा केले, त्यातून 'अम्मा अरियान' हा चित्रपट झाला, आणि ज्यांनी पैसे दिले त्यांच्यापर्यंत तो १६ मिमीच्या प्रोजेक्टरवर नेला. माहितीपटकार आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड'वर १४ वर्षं काम केलं, आणि २०११ नंतर तो वस्त्यावस्त्यांत दाखवला गेला. मालेगावात तर २००० साली तिथल्याच पोरांनी आपला 'शोले' केला आणि गावच्याच व्हिडिओ हॉलमध्ये लावला. त्यांच्याबद्दल माहितीपट झाला, जगाने दखल घेतली, ती नंतर.

शिक्का बाहेरून आणायचा ही एक वाट झाली. एकच वाट आहे असं मांडू नका.

मागची रांग

पटवर्धनांच्या मागे तेव्हाच चार दशकांचं काम होतं आणि ओडेसा हा गट होता. इथे एकटा माणूस आहे, रजा संपलेला. तुलना करताना एवढं तरी धरा.

कागदपत्रं

दोन्ही बाजू एक गोष्ट विसरताहेत. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं. तिकीट लावलं नाही म्हणजे खेळ खासगी झाला, असं गृहीत धरू नका. महोत्सवांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेतली जाते, ती त्या महोत्सवापुरती. एका गावात कुणी विचारलं नाही. पण गावोगाव फिरणार असाल तर प्रमाणपत्र काढाच. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते कायमचं असतं, एकदाच धावपळ.

वडील विडी ओढतात, म्हणजे पडद्यावर तंबाखूचा इशारा येणार. गोठा, बैल, कोंबड्या दिसत असतील तर प्राणी कल्याण मंडळाच्या पत्राची विचारणा होऊ शकते. आणि मागे रेडिओवर एखादं जुनं गाणं वाजत असेल तर त्याचे हक्क. हे शेवटचं प्रकरण पुष्कळांना ऐनवेळी अडकवतं, मग घाईघाईत त्या जागी सतार भरतात. आत्ताच तपासा.

परळची

माझे वडीलही संपात होते. सगळा धागा वाचला आणि मला राहवत नाही.

संपाच्या प्रत्येक गोष्टीत दोन पुरुष असतात, एक बाहेर राहिलेला आणि एक आत गेलेला. तुमच्याही चित्रपटात आता ते दोघं समोरासमोर आले, तुम्हाला वाटतं पूर्ण झालं. त्या काळात मनिऑर्डर बंद झाल्यावर गावातलं घर कुणी चालवलं? तुमच्या आईने. गिरणगावात खानावळीवाल्या बायांनी महिनोन्‌महिने उधारीवर जेवू घातलं. माझी आजी त्यांतली एक. तिची वही आमच्याकडे अजून आहे, कितीतरी नावांपुढे आकडा आहे आणि जमा काहीच नाही.

आणि त्या रात्री सभामंडपात बायका कुठे बसल्या होत्या? नंतर चर्चा झाली तेव्हा होत्या का? 'आधी आपल्या माणसांना दाखवा' या तुमच्या म्हणण्याच्या मी बाजूने आहे, म्हणूनच विचारते. तुम्ही ते निम्म्यांनाच दाखवलं असणार.

टाइमलाइन

परळची यांचा मुद्दा मला काकांच्या चार मिनिटांपेक्षा मोठा वाटतो. पण तो मी संकलक म्हणून मान्य करतो, गावात दाखवल्यामुळे नव्हे. ७१ मिनिटांत आई किती वेळ आहे? हा प्रश्न संकलनाच्या टेबलावरच पडायला हवा होता. चांगला सहकारी शेजारी बसला असता तर शिमग्याची वाट बघावी लागली नसती.

दोन्ही आवृत्त्या मला पाठव. मी जुन्याच बाजूने बोलेन असं आत्ता वाटतं, पण बघितल्याशिवाय हट्ट धरणार नाही.

चाकरमान्याचा मुलगा

बायका मागे, पायऱ्यांवर होत्या. चर्चा सुरू झाली तेव्हा निम्म्या उठून गेल्या होत्या, सकाळचं आवरायचं होतं. आई शेवटपर्यंत थांबली, पण काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. पुन्हा तेच.

तुमचे प्रतिसाद वाचून काल रात्री संकलनाच्या टाइमलाइनवर मोजलं. आई एकूण सहा मिनिटं आहे, आणि त्यातली चार ती भाकरी करताना, पाठमोरी.

आज सकाळी फोन केला. म्हटलं, वडील परत आले त्या वर्षाचं तुला काय आठवतं? आधी म्हणाली, "माझं काय विचारतोस, त्यांनाच विचार." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, नाचणी संपली होती, आणि माहेरी सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं. भाड्याचं ती काकूकडून कधीचं ऐकून होती. दोघी पाणवठ्यावर बोलायच्या, घरी कळू न देता.

महोत्सवाची या महिन्याची मुदत सोडतो आहे. मिश्रणही थांबवलं. बूमवाली, तुमचा हिशेब बरोबर आहे, पैसे पुन्हा जाणार. मागची रांग, तुम्ही रागावाल. शनिवारी रात्रीच्या एसटीने गावी निघतोय. या खेपेला आई आणि काकूला दुपारी, शाळेच्या खोलीत, दोघींनाच आधी दाखवणार आहे. कॅमेरा बरोबर आहे. त्या नको म्हणाल्या तर पिशवीतून काढणार नाही.