आईची नाडी ४२, पेसमेकर लागेलच का?

आई ७१ वर्षांची. रामकुंडाच्या पायऱ्या चढताना दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. होल्टरच्या (दिवसभर ठोके नोंदवणाऱ्या यंत्राच्या) कागदावर मधेच ३ सेकंद सरळ रेघ! डॉक्टर म्हणाले, ‘सिक सायनस’. सायनस तर नाकात असतो ना?

› नाकाचा संबंध नाही हो ताई. हृदयाच्या उजव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात), वरची महाशीर उतरते तिथे जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचा सायनस नोड, म्हणजे पेशींचा पुंजका असतो. १९०७ मध्ये कीथ आणि फ्लॅक या संशोधकांनी शोधलेला. ठोक्याचा इशारा तिथूनच निघतो. वयानुसार त्यातल्या पेशी घटतात, मग ठोका चुकतो. कधी उलट धडधडही होते.

› बीपीची गोळी कुठली? मेटोप्रोलॉलनेही नाडी मंदावते. आमच्या अण्णांची गोळी बदलल्यावर नाडी ६४ वर आली. मनाने बंद मात्र करू नका.

› अगंबाई, तीच चालू आहे! उद्याच विचारते.