नव्या दुकानातील एस्प्रेसो: दोष भाजणीचा, हाताचा की आपल्या जिभेचा?

पर्वरीकर

बार्देशातील एका गावात, मंगळुरी कौलांच्या जुन्या घरात, कॉफीचे दाणे स्वतः भाजून विकणारे एक लहानसे दुकान आहे, हे मला गेल्या महिन्यात पावसात रस्ता चुकल्यामुळे कळले. ओसरीवर चार-पाच खुर्च्या, आतल्या खोलीत भाजणीचे यंत्र आणि दाराशी फळ्यावर खडूने लिहिलेले: चिकमगळूरची अरेबिका, हलकी भाजणी. मी तेथे दोन शनिवार गेलो आणि दोन्ही वेळा साखर न घालता एस्प्रेसोच, म्हणजे दाबाखालील गरम पाण्याने काढलेली छोटा कप दाट कॉफी, मागवली, कारण दूध घातले की कॉफीचे निम्मे दोष झाकले जातात.

माझे मत प्रतिकूल आहे. यंत्रावरील मुलाने विचारल्यावर मोकळेपणाने सांगितले की तो 18 ग्रॅम पूड घेऊन कपात 36 ग्रॅम कॉफी उतरवतो. प्रमाण अगदी रूढ आहे. पण ते 36 ग्रॅम उतरायला जिथे 25 ते 30 सेकंद लागायला हवेत, तिथे माझ्या फोनवरील घड्याळाने 17 सेकंद दाखवले. वरचा फेस, ज्याला क्रेमा म्हणतात, फिकट पिवळा होता, त्यात मोठे बुडबुडे होते आणि मिनिटभरात तो विरून खालची काळी कॉफी दिसू लागली. चव बिंबल चावल्यासारखी आंबट होती, आणि त्या आंबटपणामागे ना गोडवा, ना कडवटपणाचा आधार. ताजेपणाबद्दल तक्रार करता येणार नाही, कारण दोन्ही वेळा पाकिटावरील भाजणीची तारीख तीनच दिवसांपूर्वीची होती. इतकी हलकी भाजणी एस्प्रेसोसाठी नाहीच, हे दुकानाने मान्य करावे आणि ते दाणे केवळ फिल्टरसाठी विकावेत, असे मला वाटते.

फोंडेकर

आपण पुरावा नीट गोळा केलात, परंतु शिक्षा भलत्यालाच सुनावलीत. ज्या तारखेला आपण दुकानाच्या बाजूने जमेस धरता, तीच मला संशयास्पद वाटते. भाजताना दाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडला जातो आणि तो पुढे कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो. तीन दिवसांच्या दाण्यांची पूड 9 बारच्या दाबाखाली आली की हा वायू एकदम उसळतो, पाणी पुडीत सारखे मुरत नाही, आणि आपण वर्णन केलेले मोठे, क्षणभंगुर बुडबुडे दिसतात. म्हणूनच एस्प्रेसोसाठी दाणे आठवडा ते दोन आठवडे मुरू देतात, आणि हलक्या भाजणीला तर त्याहूनही अधिक. आपल्याकडे ताजे म्हणजे चांगले हे मासळीबाजाराचे गणित डोक्यात इतके पक्के बसलेले असते की लोणच्यासारखी मुरवायची वस्तूही आपण आजचीच मागतो.

दुसरे, 17 सेकंद हा दळणाचा दोष आहे. पूड जाडसर राहिली, पाणी धावले, आणि आम्ले सर्वांत आधी विरघळत असल्यामुळे कपात तीच तेवढी आली. गोडवा व कडवटपणा मागून येतो, त्याला वेळच मिळाला नाही. जुलैतील हवेत दाणे ओलावा धरतात, त्यामुळे सकाळी बसवलेले दळण दुपारी पुन्हा तपासावे लागते. घरी हाताने दळणाऱ्या माझ्यासारख्याला हा अनुभव रोजचा आहे. हा हाताचा दोष झाला. त्यावरून भाजणीला नापास करणे म्हणजे आचाऱ्याने कच्चा ठेवलेल्या भातासाठी तांदूळवाल्याला दोष देणे होय.

डिचोलीची वाचक

फोंडेकर, आपले शास्त्र मला मान्य आहे, पण त्याने दुकानाची सुटका कशी होते ते कळले नाही. भाजणारा, दळणारा आणि कप पुढे करणारा हे तिघेही एकाच छपराखाली आहेत. दाणे मुरायला हवेत हे भाजणाऱ्याला ठाऊक नसेल तर कोणाला ठाऊक असावे? आपल्या उदाहरणातील आचारी आणि तांदूळवाला इथे एकच माणूस आहे. गिऱ्हाईक पैसे मोजते ते समोर आलेल्या कपासाठी, कपात येऊ शकली असती अशा चवीसाठी नव्हे.

मडगावकर

पर्वरीकरांच्या निकषांतील एकावर माझा आक्षेप आहे, तो क्रेमावर. मिलानच्या गॅजिया यांनी दट्ट्याचे यंत्र बाजारात आणले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. त्याआधीच्या वाफेच्या यंत्रांत दाब इतका कमी असे की असा फेस येतच नसे. म्हणजे क्रेमा ही मुळात दाबाची खूण आहे, चवीची नव्हे. शिवाय रोबस्टा, म्हणजे अरेबिकाखेरीजची कॉफीची दुसरी मुख्य जात, मिसळला की क्रेमा जाड व टिकाऊ होतो, आणि अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असलेला रोबस्टा अधिक कडवटही असतो. भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाचाच वाटा मोठा आहे, त्यामुळे आपल्या जिभेला तोच भरदारपणा ओळखीचा, वर उडुपी हॉटेलांतील चिकोरीचीही सवय. ती सवय घेऊन शुद्ध, हलक्या भाजणीच्या अरेबिकाकडे गेल्यास ती पातळ आणि आंबटच वाटणार.

इटलीतील रूढ माप पाहिले तर 7 ग्रॅम पुडीतून 25 सेकंदांत सुमारे 25 मिलिलिटर, आणि भाजणीही बहुधा गडदच. ती वेगळी परंपरा आहे. मानकुरादाची फोड हातात घेऊन तिच्यात हापूसची चव शोधणाऱ्याशी आपण वाद घालतो ना, तसेच हे आहे.

डिचोलीची वाचक

मानकुरादालाही आंबटपणा असतो, पण त्याच्याबरोबर गोडवा असतो. पर्वरीकरांनी बिंबल म्हटले आहे, मानकुराद नव्हे. हा फरक सवयीचा म्हणून उडवून लावू नये.

पर्वरीकर

वादाने मला पुन्हा तेथे जायला लावले. या वेळी मी आधीच दुकानात विचारले की मागच्या महिन्यातील भाजणीचे एखादे पाकीट शिल्लक आहे का. मुलगा क्षणभर संकोचला, कारण त्याच्या मते ते शिळे होते. मग त्याने फळीच्या मागच्या बाजूने 16 दिवसांपूर्वीचे एक पाकीट काढले. पहिला कप 22 सेकंदांत उतरला, तो त्याने चाखून स्वतःच ओतून टाकला आणि दळण बारीक केले. दुसऱ्याला 29 सेकंद लागले. क्रेमा या वेळीही जाड नव्हता, पण रंग विटकरी होता आणि बुडबुडे नव्हते. आंबटपणा होता, मात्र त्याच्यामागून गुळासारखा गोडवा आला आणि कप निवल्यावर तो अधिक स्पष्ट झाला.

तेव्हा हलकी भाजणी एस्प्रेसोसाठी नाहीच, हे माझे विधान मी मागे घेतो. फोंडेकरांचे निदान बरोबर होते, आणि क्रेमाला मी दिलेले महत्त्वही जास्तच होते. डिचोलीच्या ताईंचा मुद्दा मात्र मला अजून सोडवत नाही, कारण माझ्यामागे उभ्या असलेल्या जोडप्याला त्याने तीन दिवसांचेच पाकीट फोडून दिले आणि वर अभिमानाने सांगितले, 'एकदम ताजी आहे.'