मदत हवी आहे: दोन फोन आणि लॅपटॉपवर ग्राहकांचे नंबर एकसारखे कसे ठेवावेत?

नमस्कार मंडळी. इंदूरला सियागंजात आमचं हार्डवेअरचं ठोक दुकान आहे. वसुलीसाठी देवास, धार, उज्जैनला फिरणाऱ्या भावाकडे अँड्रॉइड, माझ्याकडे आयफोन, दुकानात विंडोजचा लॅपटॉप.

सगळे नंबर दुकानाच्या एकाच गूगल खात्यात ठेवायचं ठरवलंय. पण भावाचे जुने नंबर फोनच्या मेमरीत आणि सिमवर आहेत, ते खात्यात आपोआप येत नाहीत. व्हीसीएफ फाइल (फोनमधले सगळे नंबर एकत्र साठवणारी फाइल) काढून चढवली तर नावं दुहेरी होतील ना? मग 'मर्ज' करताना, म्हणजे दुहेरी नोंदी एकत्र करताना, काय जपावं? एकाच नावाची दोन दुकानं असतात, एक देवासचं, एक धारचं. ती एकत्र झाली तर उधारीचा तगादा भलत्यालाच जाईल, आणि वर्षांचा संबंध बिघडेल. मला खरी काळजी याचीच आहे.

दुसरं, सिंक (सगळ्या उपकरणांवर नंबर आपोआप एकसारखे होणं) म्हणजे बॅकअप (वेगळी जपलेली प्रत) नव्हे. एका फोनवर पुसलं की सगळीकडून जातं. गूगलच्या ट्रॅशमध्ये नंबर ३० दिवस राहतो, पण काही गिऱ्हाइकं फक्त दिवाळीच्या आधी फोन करतात. म्हणून दर महिन्याला नंबरांची सीएसव्ही फाइल (तक्त्यासारखी साधी फाइल) काढून पेनड्राइव्हवर ठेवतो. ती एक्सेलमध्ये उघडली की देवनागरी नावांची अक्षरं विचित्र दिसतात. यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) निवडून नीट उघडायची रीत कोणी पायरी-पायरीने सांगेल का?